भूचर शंखवासी खेकडा : नामार्थ व संगोपन

१. नाव आणि त्याचा योगार्थ

शब्दाचा अर्थ त्याच्या घटकांवरून किती ठरतो आणि रूढीवरून किती, हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेत पुष्कळ चर्चिला गेला आहे. यौगिक, रूढ आणि योगरूढ हे शब्दांचे भेद त्या चर्चेतूनच स्थिर झाले. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले; परंतु चिखलात जन्मलेल्या प्रत्येक वस्तूस कोणी पंकज म्हणत नाही. येथे रूढी योगार्थास मर्यादा घालते, म्हणून व्यवहारात घोटाळा होत नाही. मात्र ज्या वस्तूशी ऐकणाऱ्याचा पूर्वपरिचयच नाही, तिच्या बाबतीत रूढीचे हे नियंत्रण उरत नाही. नावाचा योगार्थ हेच वस्तूचे वर्णन, असे तो समजतो आणि त्याप्रमाणे वागू लागतो. नाव जिवंत प्राण्याचे असेल व तो प्राणी ऐकणाऱ्याच्या ताब्यात असेल, तर ह्या गैरसमजाचे फळ त्या मुक्या जीवास भोगावे लागते.

इंग्रजीत ज्यास 'हर्मिट क्रॅब' म्हणतात त्या प्राण्याचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत समुद्रकिनाऱ्यावरील सहलीच्या गावांतून आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून कॅरिबियन प्रदेशातील भूचर शंखवासी खेकडे मोठ्या संख्येने विकले जातात. सुट्टीत किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांतील मुले ते हौसेने घरी आणतात. त्या देशात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यास अपवाद नाहीत. खेकड्याबरोबर बहुधा तारेचा लहान पिंजरा, मूठभर रंगीत खडे आणि पाण्यात भिजवलेला स्पंजाचा तुकडा मिळतो. ज्याचे आयुष्य वर्षानुवर्षांचे असू शकते असा हा प्राणी अशा पिंजऱ्यात पुष्कळदा काही महिन्यांतच मरतो.

'हर्मिट' ह्या शब्दाचे मूळ ग्रीक 'एरेमॉस' ह्या विशेषणात आहे. त्याचा अर्थ ओसाड, निर्जन. त्याच मुळापासून वाळवंटवाचक नामही झाले, आणि जो वाळवंटात एकटा राहून तप करतो तो 'एरेमितेस', अशी ही परंपरा लॅटिन व फ्रेंच ह्या मार्गांनी इंग्रजीत उतरली. म्हणजे ह्या एका शब्दात दोन विधाने गर्भित आहेत : हा प्राणी एकटा राहतो, आणि तो कोरड्या, उजाड जागी राहतो. भूचर शंखवासी खेकड्यापुरती ही दोन्ही विधाने असत्य आहेत. दुकानातील तारेचा पिंजरा मात्र ह्या दोन्ही विधानांना तंतोतंत धरून असतो. त्यात एकान्तही असतो आणि कोरडेपणाही. प्राण्याच्या अकाली मृत्यूची प्रमुख कारणेही ह्याच दोहोंत सापडतात.

२. इतर नावे

इतर भाषांची साक्षही घेण्याजोगी आहे. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि डच ह्या भाषांतील प्रचलित नावे एकान्तवासी तपस्व्याच्याच कल्पनेवर उभी आहेत. जपानी भाषेत त्यास 'यादोकारी' म्हणतात. 'यादो' म्हणजे मुक्कामाची जागा आणि 'कारी' म्हणजे उसनी घेणे. मराठीत ह्याला 'बिऱ्हाडकरू' हा शब्द अगदी जवळचा होय. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण मराठीत विंचवास लावली जात असली, तरी शब्दशः अर्थाने ती शंखवासी खेकड्यासच अधिक शोभते. कॅरिबियन बेटांवरील इंग्रजी बोलीत ह्याच प्राण्यास 'सोल्जर क्रॅब', म्हणजे शिपाई खेकडा, असे नाव आहे. अंडी सोडण्याच्या हंगामात हे खेकडे झुंडीने डोंगरउतारावरून समुद्राकडे निघतात. ज्या लोकांनी हा देखावा वर्षानुवर्षे पाहिला त्यांच्या नावात एकान्ताचा लवलेशही नाही. शिपाई हा सेनेचाच घटक असतो.

सर्वांत लक्षणीय आहे ते शास्त्रीय नाव. ह्या भूचर खेकड्यांच्या प्रजातीस फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय ह्याने १८२९ मध्ये 'सीनोबिटा' असे नाव दिले. हे नावही ख्रिस्ती तपश्चर्येच्या परिभाषेतूनच आलेले आहे; परंतु त्याचा अर्थ 'हर्मिट'च्या नेमका उलट आहे. ग्रीक 'कॉइनॉस' म्हणजे सामाईक आणि 'बिऑस' म्हणजे जीवन. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये दोन प्रकारचे तपस्वी होते. संत अँथनीच्या मार्गाने जाणारे वाळवंटात एकटे राहत, तर पाखोमिअसने स्थापिलेल्या मठांतील साधक एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र काम करीत. ह्या दुसऱ्या वर्गास सामाईक जीवन जगणारे असे नाव पडले, आणि तेच ह्या प्रजातीच्या नावात आले. महाराष्ट्रातील वाचकास हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. एकाकी फिरणारा संन्यासी वेगळा आणि विहारात संघासह वर्षावास करणारा भिक्षू वेगळा, हे अजिंठा व कार्ले येथील लेणी पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. 'संन्यासी खेकडा' असा शब्दशः अनुवाद केल्यास इंग्रजीतील चूक मराठीतही रुजेल. 'शंखवासी' हे नाव केवळ निवासाचा निर्देश करते आणि एकान्ताविषयी मौन पाळते, म्हणून तेच इष्ट.

३. प्राण्याची ओळख

सीनोबिटा प्रजातीत सुमारे वीस जाती आहेत. अमेरिकेत सर्वाधिक विकली जाणारी जाती 'सीनोबिटा क्लिपिएटस' ही असून ती फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकापासून कॅरिबियन बेटांवर सर्वत्र आढळते. भारतात ह्या प्रजातीच्या काही जाती अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ह्या बेटांवर आहेत. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांतून हिंडताना दिसणारे लहान शंखवासी खेकडे मात्र मुख्यतः सागरी प्रजातींचे असतात. ते जमिनीवर फार काळ जगू शकत नाहीत. त्यांना उचलून घरी आणणे म्हणजे त्यांचा अंत ओढवून घेणे होय. पुढील विवेचन केवळ भूचर जातींस लागू आहे.

ह्या खेकड्याच्या शरीराचा पुढील भाग कठीण कवचाचा असतो, पण उदर मऊ, उघडे आणि उजवीकडे वळलेले असते. त्याच्या रक्षणासाठी तो मेलेल्या गोगलगाईवर्गीय प्राण्याचा रिकामा शंख वापरतो. पायांच्या पाच जोड्यांपैकी पहिलीच्या नांग्या होतात; त्यांतील डावी मोठी असून शंखात शिरल्यावर ती दाराप्रमाणे तोंडाशी बसते. पुढच्या दोन जोड्या चालण्यासाठी असतात. शेवटच्या दोन लहान जोड्या शंख आतून धरून ठेवणे व शरीराची स्वच्छता करणे ह्यासाठी उपयोगी पडतात. खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. म्हणून त्यास आयुष्यभर घर बदलावे लागते. ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही आपल्या प्राणिविषयक ग्रंथात नोंदवून ठेवली आहे.

भूचर असला तरी हा प्राणी समुद्रापासून पूर्णपणे सुटलेला नाही. मादी अंडी उदराशी बाळगते आणि योग्य वेळी किनाऱ्यावर येऊन ती समुद्रात सोडते. खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच अंडी फुटतात. डिंभ काही आठवडे समुद्रात तरंगत अनेक अवस्थांतून जातात, शेवटच्या अवस्थेत सूक्ष्म शंख शोधतात आणि मग जमिनीवर येतात. घरातील पेटीत हा क्रम घडवून आणणे अतिशय कठीण असल्याने बाजारातील जवळजवळ प्रत्येक खेकडा निसर्गातूनच पकडून आणलेला असतो. ह्या वस्तुस्थितीचा विचार शेवटी पुन्हा करावयाचा आहे.

४. कोरडेपणाचा दोष

भूचर शंखवासी खेकडा हवेत श्वास घेतो हे खरे. पण तो कल्ल्यांच्या रूपांतरित अवयवांनी घेतो, आणि हे अवयव ओलसर असतील तरच त्यांतून प्राणवायूचे ग्रहण होते. शंखात बाळगलेले थोडेसे पाणी आणि सभोवतालची दमट हवा ह्यांवर त्याचा श्वास अवलंबून असतो. तारेच्या पिंजऱ्यात, विशेषतः हिवाळ्यात कृत्रिम उष्णतेने तापविलेल्या घरात, ही ओल टिकत नाही. मग खेकडा हळूहळू गुदमरतो. त्याची हालचाल मंदावते आणि तो शंखात शिरून बसतो. पाहणाऱ्यास मात्र तो 'शांत' झाल्यासारखा वाटतो. कित्येक आठवडे चालणारे हे मरण बाहेरून विश्रांतीसारखे दिसते, हाच त्यातील धोका आहे.

म्हणून निवास काचेच्या पेटीचा असावा व तिच्यावर झाकण असावे. दोनतीन लहान खेकड्यांसाठीदेखील पेटी चाळीस लिटरहून लहान नसावी. खेकड्यांची संख्या व आकार वाढेल तशी ती मोठी करावी. आतील सापेक्ष आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस राहील अशी व्यवस्था हवी. केवळ अंदाजावर विसंबू नये. आर्द्रतामापक व तापमापक पेटीत कायम ठेवावेत. ऊब देणारी पट्टी पेटीच्या तळाखाली लावू नये, मागच्या किंवा बाजूच्या काचेस वाळूच्या पातळीच्या वर लावावी. तळाखाली लावल्यास वाळूत पुरून बसलेला खेकडा भाजून निघतो.

पाण्याची भांडी दोन असावीत : एकात गोडे पाणी आणि दुसऱ्यात समुद्राच्या क्षारतेचे. दोन्ही इतकी खोल असावीत की खेकड्यास पाण्यात उतरून शंखातील पाणी बदलता यावे, आणि चढून बाहेर येण्यासाठी त्यांत दगड किंवा जाळी असावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकले पाहिजे. साधे क्लोरीन पाणी उघडे ठेवल्याने उडून जाते. परंतु अनेक शहरांत वापरले जाणारे क्लोरामाइन तसे जात नाही व त्यासाठी मत्स्यपालनातील औषध वापरावे लागते. खाऱ्या पाण्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षार असतात. म्हणून सागरी मत्स्यालयासाठी तयार केलेले मिश्रण दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम ह्या प्रमाणात घ्यावे.

५. वाळूखालचा काळ

कवच ताणले जात नसल्याने वाढीसाठी खेकड्यास कात टाकावी लागते. ह्यासाठी तो ओलसर वाळूत खोल विवर करून स्वतःस पुरून घेतो. तेथे तो जुने कवच सोडतो आणि नवे मऊ कवच कठीण होईपर्यंत हालचाल न करता राहतो. टाकलेले कवच तो खाऊन टाकतो, कारण त्यातील चुना नव्या कवचासाठी लागतो. गमावलेला पाय किंवा नांगी ह्याच काळात पुन्हा उगवू लागते. लहान खेकड्यास ह्या साऱ्यासाठी काही आठवडे लागतात. मोठ्यास दोनतीन महिने किंवा त्याहूनही अधिक.

खड्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात विवर करता येत नाही, म्हणून वाळूची योजना हा संगोपनाचा गाभा होय. स्वच्छ वाळूचे पाच भाग आणि नारळाच्या काथ्याच्या भुशाचा एक भाग असे मिश्रण सामान्यतः वापरतात. लहान मुलांना वाळूचा किल्ला बांधता येईल इतके ते ओले असावे. तळाशी पाणी साचू नये. थराची खोली निदान १५ सेंटिमीटर, आणि सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट असावी. ह्या दोहोंपैकी जे अधिक असेल ते घ्यावे.

ह्या टप्प्यावर पाळणाऱ्याकडून होणारी घातक चूक ही मरणाच्या चिन्हांचा चुकीचा अर्थ लावण्याची असते. खेकडा कित्येक आठवडे दिसला नाही म्हणजे तो मेला असावा, असे समजून वाळू उकरली जाते आणि कात टाकण्याच्या ऐन वेळी उघडा पडलेला मऊ खेकडा खरोखरीच मरतो. कधी टाकलेले कवच वाळूच्या वर सापडते. पाय, नांग्या, डोळ्यांचे देठ हे सर्व जसेच्या तसे असल्याने ते प्रेतच वाटते. परंतु ते हलके व आतून पोकळ असते. मेलेल्या खेकड्यास सडलेल्या मासळीसारखी तीव्र दुर्गंधी येते व ती दडत नाही. दुर्गंधी नसेल तर थांबावे, वाळू हलवू नये, हा नियम सर्व परिस्थितींत पाळण्याजोगा आहे. ह्या प्राण्याच्या बाबतीत काहीही न करणे ही पुष्कळदा सर्वोत्तम शुश्रूषा ठरते.

६. एकान्त, सहवास आणि संपत्ती

आता नावातील दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे एकान्ताकडे, वळता येईल. निसर्गात हे खेकडे समूहाने राहतात. ते एकमेकांजवळ दाटीने विसावतात आणि अन्नाच्या वासाने झुंडीने जमतात. सामाईक जीवनाचे सर्वांत स्पष्ट रूप मात्र शंखांच्या देवघेवीत दिसते. रँडी रोत्यान व तिच्या सहकाऱ्यांनी बेलीझमध्ये 'सीनोबिटा क्लिपिएटस'वर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख आढळला की खेकडे त्याभोवती जमू लागतात. त्यास योग्य असा मोठा खेकडा येईपर्यंत इतर खेकडे आकाराच्या क्रमाने एकामागे एक रांगेत लागतात. तो मोठा खेकडा नव्या शंखात शिरताच त्याच्या सोडलेल्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा, अशी सर्वांची घरे क्षणार्धात बदलतात. ह्या घटनेस दिलेले 'रिक्तस्थानशृंखला' ह्या अर्थाचे नाव मूळ समाजशास्त्रातील आहे. नोकरीतील एक जागा रिकामी झाली म्हणजे खालच्या जागा क्रमाने रिकाम्या होत जातात, ह्या प्रक्रियेचे विवेचन हॅरिसन व्हाइट ह्याने १९७० च्या ग्रंथात केले होते.

ह्याहूनही मूलगामी निरीक्षण मार्क लेड्र ह्याने कोस्टारिकात 'सीनोबिटा कॉम्प्रेसस' ह्या जातीवर केले व ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. भूचर खेकडे शंख मिळेल तसा वापरीत नाहीत. ते त्याचा मधला खांब झिजवून टाकतात, तोंड रुंद करतात व भिंती पातळ करतात. त्यामुळे शंख हलका आणि प्रशस्त होतो. अशा संस्कारित शंखाची सवय झालेल्या प्रौढ खेकड्यास समुद्रातून आलेला कोरा शंख सहसा पुरत नाही. त्याला दुसऱ्या खेकड्याने वापरलेलाच शंख हवा असतो. अर्थात त्याचे घर दुसऱ्या खेकड्याकडून, आणि अंती आधीच्या पिढ्यांकडून, येते. जो प्राणी घरासाठी आपल्या जातभाईंवर इतका अवलंबून आहे, त्यास एकान्तवासी म्हणणे हे वस्तुस्थितीस सोडून आहे.

तथापि 'सीनोबिटा' हे नावही तपासून घेतले पाहिजे, कारण मठाचा दृष्टान्त येथे अर्धाच लागू पडतो. मठातील साधक संपत्तीचा त्याग करून एकत्र येतात. हे खेकडे संपत्तीसाठीच एकत्र येतात. लेड्रच्या निरीक्षणात जमावाचा परिणाम पुष्कळदा एखाद्या खेकड्यास त्याच्या शंखातून बाहेर खेचण्यात होतो. बेघर झालेला खेकडा फार काळ जगत नाही. त्याच्या सहकाऱ्यासह लेड्रने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेलेल्या जातभाईच्या वासाकडे हे खेकडे मोठ्या संख्येने ओढले जातात असे आढळले. मृत्यूचा वास म्हणजे रिकाम्या घराची बातमी. सहवास आहे, पण तो निर्लोभ नाही.

संगोपनाच्या दृष्टीने ह्यातून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे. खेकडा एकटा ठेवू नये, आणि एकापेक्षा अधिक ठेवल्यास शंखांची टंचाई होऊ देऊ नये. 'हर्मिट' ह्या नावावर विसंबणारा पहिल्या अर्ध्यात चुकतो. केवळ 'सीनोबिटा'वर विसंबणारा दुसऱ्या अर्ध्यात. दर खेकड्यामागे तीन ते पाच रिकामे शंख, सध्याच्या शंखाएवढे व थोडे मोठे, पेटीत असावेत. कॅरिबियन जातीस गोल तोंडाचे, टर्बो प्रकारातील शंख मानवतात. रंगविलेले शंख सर्वथा टाळावेत. त्यांचा रंग सुटून पोटात जातो, शिवाय अशा शंखांत खेकड्यांना व्यापारासाठी पुष्कळदा बळाने घालविलेले असते. शंखातून खेकडा ओढून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तो सोडण्यापूर्वी तुटून जाईल. किनाऱ्यावरून शंख वेचून आणणेही निरुपद्रवी नाही, कारण तेथे ती कोणाची तरी भावी घरे असतात. भारतात तर शंखांच्या काही जाती कायद्यानेच संरक्षित आहेत.

टंचाई किती टोकास जाऊ शकते ह्याचे उदाहरण बर्म्युडात पाहावयास मिळाले. ह्या बेटांवरील 'सिटेरियम पायका' ही मोठी सागरी गोगलगाय माणसांनी खाऊन नामशेष केली. तेव्हा तेथील भूचर खेकडे टेकड्यांतून झिजून बाहेर पडणाऱ्या तिच्याच जीवाश्म शंखांत राहू लागले. ही गोगलगाय १९८२ मध्ये तेथे पुन्हा आणण्यात आली, तेव्हा कुठे त्यांना नव्या घरांची आशा उत्पन्न झाली.

७. आहार

हा खेकडा सर्वभक्षी आहे. निसर्गात तो गळलेली पाने, फळे, शेवाळ, किनाऱ्यावर वाहून आलेले मृत जीव असे सर्व काही खातो. घरी त्यास नारळ, पपई, गाजर, पालेभाज्या, बिनमिठाची शिजवलेली मासळी व कोळंबी, सुकी पाने आणि सालीचे तुकडे द्यावेत. चुन्यासाठी समुद्रफेस किंवा उकडून कुटलेली अंड्याची टरफले कायम ठेवावीत. मसाला, तेल व कीटकनाशक ह्यांचा संपर्क टाळावा. तांबे कवचधारी प्राण्यांस विषारी असल्याने तांब्याची भांडी वापरू नयेत. हे खेकडे रात्री हिंडतात. म्हणून अन्न संध्याकाळी ठेवून सकाळी उरलेले काढून टाकावे.

८. पाळावे की पाळू नये

येथवर सांगितलेल्या व्यवस्थेचा विचार केल्यास 'सोपा पाळीव प्राणी' हे व्यापारातील विशेषण टिकत नाही. योग्य व्यवस्थेत काही खेकडे तीस वर्षांहूनही अधिक काळ जगलेले आहेत. मुलाच्या सुट्टीतील हौसेने सुरू झालेली जबाबदारी त्या मुलाच्या प्रौढपणापर्यंत चालू राहावयाची असते. शिवाय बाजारातील खेकडे निसर्गातूनच येत असल्याने दुकानात मेलेल्या प्रत्येक खेकड्याच्या जागी किनाऱ्यावरून दुसरा उचलला जातो. जपानने आपल्या भूचर शंखवासी खेकड्यांस १९७० मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. असे असूनही त्यांची चोरटी निर्यात थांबलेली नाही. २०२५ मध्ये अमामी बेटावर हजारो खेकडे सूटकेसांत भरून नेऊ पाहणाऱ्यांस अटक झाली. भारतात ह्याच कुळातील, निकोबार बेटांवर आढळणाऱ्या नारळखाऊ खेकड्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षण दिलेले आहे.

ह्या प्राण्यांस वेदना होते काय, हा प्रश्न आता केवळ तत्त्वचर्चेचा राहिलेला नाही. रॉबर्ट एल्वुड व मिर्याम अपेल ह्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सागरी शंखवासी खेकड्यांस शंखात सौम्य विद्युत्-आघात देण्यात आले. नावडत्या प्रकारच्या शंखातील खेकडे आवडत्या प्रकारातील खेकड्यांपेक्षा अधिक सहज बाहेर पडले. म्हणजे आघातास मिळालेला प्रतिसाद हा केवळ यांत्रिक झटका नव्हता. सोडावयाच्या घराचे मोल त्यात हिशोबात धरले गेले होते. अशा प्रकारच्या पुराव्याचा आढावा घेतल्यावर ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याण (संवेदनक्षमता) कायद्यात दशपाद कवचधारी प्राण्यांचा समावेश केला.

ह्या सर्वांवरून घ्यावयाची भूमिका स्पष्ट होते. ज्याच्या घरी असा खेकडा आधीच आहे, त्याने तो परत किनाऱ्यावर नेऊन सोडू नये. परक्या किनाऱ्यावर सोडलेला खेकडा तेथे जगेलच असे नाही, आणि त्याच्याबरोबर रोगही जाऊ शकतात. त्याने आपल्या घरातील पिंजरा काढून टाकून वर वर्णिलेली पेटी उभी करावी. एकच खेकडा असेल तर इतरांनी सोडून दिलेल्यांपैकी एखादा सांभाळावयास घ्यावा. पाळणाऱ्यांच्या मंडळांतून असे खेकडे विनामूल्य मिळतात. ज्याच्या घरी तो नाही, त्याने विकत घेऊ नये. समूहात राहणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या घरांवर जगणाऱ्या आणि समुद्राशिवाय प्रजा वाढवू न शकणाऱ्या प्राण्यास पेटीत आणणे म्हणजे त्यास सक्तीने 'हर्मिट' बनविणे होय.

नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही हे खरे. परंतु 'हर्मिट' शब्दाने घडविलेला तारेचा पिंजरा ही वस्तुस्थितीच आहे, आणि तो नित्य विकला जातो. मराठीत ह्या प्राण्याविषयी फारसे लेखन अद्याप रूढ नसल्याने योग्य नाव रुजविण्याची संधी येथे शिल्लक आहे. कोशकार, पाठ्यपुस्तककर्ते व अनुवादक ह्यांनी 'संन्यासी खेकडा' हा शब्दशः अनुवाद टाळून 'शंखवासी खेकडा' हे नाव स्वीकारावे, आणि जमिनीवर राहणाऱ्या जातींचा निर्देश करताना 'भूचर' हे विशेषण न विसरता जोडावे. एवढ्याने कोकणच्या डबक्यातील सागरी खेकडा काचेच्या कोरड्या बरणीत येण्याचे तरी टळेल.